खटका खालीच होता

१

नागसेन स्टुलावरून पडला तेव्हा हॉलचा दिवा बंद होता, बोर्डावरचा उलटा बसवलेला खटका खाली, म्हणजे बंदच होता आणि टेस्टर एकाही तारेवर पेटलेला नव्हता. तरी त्याला करंट बसला. दापोडीच्या त्या चार मजली इमारतीत मग कुणी शोधाशोध करायच्या भानगडीत पडलंच नाही, कारण गुन्हेगार आयताच समोर उभा होता. नागसेनची धाकटी भावजय अंजली, बोर्डापाशी, खटक्यावर हात ठेवून.

छताचा तो गोल दिवा बाबासाहेबांच्या जयंतीपासून फडफडत होता. नागसेन चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. घरचा दिवा दुरुस्त करायला वायरमन बोलावणं ही त्याच्या लेखी नामुष्की. रविवारी तिन्हीसांजेला त्यानं लाकडी स्टूल मांडलं आणि अंजलीला हॉलचा खटका खाली करून बोर्डापाशीच थांबायला सांगितलं. दिव्याची ताटली उतरवली, सगळ्या तारांना टेस्टर लावला, करंट नाही याची खात्री केली आणि जोड सोडवायला घेतला. पुढच्या क्षणी तो टीव्हीच्या कपाटावर आदळला. उजवा हात मोडला, कपाळाला टाके पडले.

शुद्धीवर आल्यावर त्यानं मांडलेला हिशेब साधा होता. टेस्टर पेटला नाही म्हणजे आधी करंट नव्हता. मग आला. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी खटका वर केला. बोर्डापाशी कोण होतं?

त्यात आदल्याच दिवशी घरात भांडण झालेलं. अंजलीला वाकडच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि नागसेननं ती नको म्हणून सांगितलं होतं. त्यावर अंजली त्याला म्हणाली होती, "दादा, मी विचारत नाहीये, सांगतेय." हे वाक्य जिन्यावरून खालपर्यंत ऐकू गेलं होतं.

सासूबाईंनी, म्हणजे गिरजाबाईंनी, निकाल देऊन टाकला. येत्या रविवारी चार माणसांदेखत नागसेनच्या पाया पडून माफी मागायची, नाहीतर बॅग भरून लातूरला माहेरी जायचं. अंजलीचा नवरा धम्मरत्न कंपनीच्या ट्रेनिंगला गुजरातेत होता. त्यानं फोनवरून शहाणपणा शिकवला की सॉरी म्हण आणि मिटव.

"मी खटका वर केलेला नाही," अंजली म्हणाली. "माफी मागणार नाही."

तेव्हा गिरजाबाईंनी सुनेची समजूत घालायला लेकीला निगडीहून बोलावून घेतलं. ही मात्र त्यांची मोठी चूक झाली.

२

मैत्री ही नागसेनच्या पाठची. चाकणला मोटारींच्या वायरिंगचे जुडगे बनवणाऱ्या कंपनीत तिचं काम एकच, गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल उघडायचा आणि तो का बिघडला ते शोधायचं. माल परत आला की पहिला आरोप लाइनवर काम करणाऱ्या पोरींवर येतो. मैत्रीनं इतक्या पोरींना त्यातून सोडवलं होतं की तिचे साहेब तिला वकीलबाई म्हणत. ती ते कौतुक समजून चालत असे.

दारात पाऊल टाकल्या टाकल्या आईनं तिला बाजूला घेतलं.

"तू आपल्या बाजूनं बोल. ती आडमुठी हाय. दादानं तुला शिकीवलं, इसरू नगंस."

हे खरं होतं. वडील गेल्यावर नागसेननं स्वतःचं लग्न केलं नाही, ओव्हरटाइम करून घर ओढलं आणि मैत्रीचा डिप्लोमा पुरा केला. त्याच्याविरुद्ध एक शब्द काढताना तिच्या जिवावर येणार होतं. पण बाजू आधी आणि तपास मागून, ही रीत तिला कंपनीतही कधी मानवली नव्हती.

प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून नागसेन आतल्या खोलीत पडला होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा खुलला आणि तिनं दिव्याचा विषय काढताच मिटला. झालं ते झालं, मला कुणावर केस करायची नाही, तू यात पडू नकोस, असं तो भिंतीकडे बघत म्हणाला. रविवारी फोनवर अंजलीच्या नावानं गरजणारा माणूस आज एकदम मोठ्या मनाचा झाला होता. मैत्रीला ते खटकलं.

अंजली स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मैत्रीनं सरळ विचारलं, "हात खटक्यावर होता?"

"होता. दादा म्हणाले हलू नको, मी हलले नाही. ते पडले तरी हात तिथंच राहिला माझा, इतकी घाबरले होते मी. समोरचे रंगरावकाका आले तेव्हाही तिथंच होता. त्यालाच सगळे पुरावा म्हणतायत."

"चुकून धक्का लागला असेल. माणसाकडून होतं."

अंजलीनं भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाच्या हातानंच वळली. "ताई, चुकून झालं असतं तर मीच सांगितलं असतं. मला लातूरला धाडायचं तर धाडा. पण मी खोटं कबूल करून या घरात राहणार नाही."

मैत्रीला ही भावजय त्या क्षणी फार आवडली. मग तिनं दिव्याची चौकशी केली. अंजली म्हणाली की तो दिवसा कधीच फडफडायचा नाही. संध्याकाळी मात्र दम लागल्यागत करायचा, एकदा मंद, एकदा लख्ख. जयंतीच्या आधी काही नव्हतं. दादा पडले त्या दिवशी वायरमन नवनाथनं येऊन जोड परत पिळला, तेव्हापासून दिवा बरा आहे.

"लगेच बरा झाला?"

अंजलीनं आठवून पाहिलं. "नाही. त्या रविवारी संध्याकाळी फडफडलाच होता. दुसऱ्या दिवसापासून थांबला."

नवनाथ गेला रविवारी आणि दिवा बरा झाला सोमवारी. मधे कुणीही त्याला हात लावलेला नव्हता.

३

मुख्य साक्षीदार रंगराव समोरच्याच दारात राहत. मूळचे कराडकडचे, निवृत्त झालेले आणि सोसायटीचे चेअरमन. चेअरमनपदाचा त्यांना एवढा अभिमान की जिन्यातला बल्ब गेला तरी ते सूचना लावत. जयंतीच्या रोषणाईवर त्यांचा राग होता, कारण गच्चीवरच्या निळ्या माळा आणि बाबासाहेबांच्या मोठ्या फोटोवर मारलेले दोन फोकस जिन्याच्या, म्हणजे सोसायटीच्या, मीटरवर चालत होते. जयंती होऊन गेली तरी त्या माळा उतरल्या नव्हत्या. बुद्धपौर्णिमेपर्यंत हात लावायचा नाही, असं नागसेननं मंडळाच्या पोरांना बजावलं होतं.

म्हणजे रंगरावांचाही नागसेनवर राग होताच. मैत्रीनं तो मनात नोंदवून ठेवला आणि ते पडण्याच्या वेळी कुठं होते ते विचारलं.

"गच्चीवर. आमच्या हिच्या कुरडया वाळत होत्या, त्या गोळा करत होतो. धाडकन आवाज आला म्हणून पळत खाली आलो. दार उघडंच होतं. सूनबाई बोर्डाला चिकटलेली. मी खोटं कशाला बोलू?"

"खटका वर होता की खाली?"

"खाली. पण वर करून परत खाली करायला कितीसा वेळ लागतो?"

मैत्रीनं मान हलवली आणि उठता उठता विचारलं, की काका, अंधारात कुरडया कशा दिसल्या.

"अंधार कुठला? माळांचा उजेड होता की," रंगराव म्हणाले आणि थांबले. "हां, मधेच गेल्या त्या. फोकससुद्धा. बरं झालं म्हटलं, एकदाच्या गेल्या. तेवढ्यात खाली तो आवाज."

"आधी माळा गेल्या, मग आवाज?"

"लागोपाठच म्हणा. नवनाथ येऊन गेल्यावर परत लागल्या होत्या. सोमवारी बघतो तर माळाच काढलेल्या. मीच सूचना लावणार होतो, तर आधीच काढल्या."

मैत्री खाली उतरून नवनाथच्या दुकानात गेली. भूमकडून आलेला हा वायरमन भलताच सावध बोलणारा होता. आपण काही बिघडवलं नाही, काही दुरुस्तही केलं नाही, तारा जशा दिसल्या तशा पिळून टेप गुंडाळली, असं त्यानं सांगितलं.

"किती तारा होत्या?"

"लाल दोन. काळ्या तीन."

"तीन?" मैत्री म्हणाली. "एक बोर्डाकडून आलेली, एक दिव्याला गेलेली. तिसरी कुठली?"

नवनाथनं खांदे उडवले. "थंडी वायर ताई, कुठूनही आलेली असती. न्यूट्रलमधी काय असतंय?"

मैत्री उठून उभी राहिली. त्यांची इमारत चार मजली होती आणि त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. त्या छताच्या वर फक्त गच्ची होती.

४

गच्चीवर जिन्यावरच्या टाकीच्या कडेला एक जुना पाइप स्लॅबमध्ये उतरलेला होता. त्याच्या तोंडाशी काळ्या तारेचं टोक बाहेर आलं होतं, चिमट्यानं कापलेलं, वर नवी टेप. आतलं तांबं अजून लखलखत होतं. कठड्यावर माळा बांधलेल्या सुतळीच्या गाठी तशाच होत्या. माळा सोडताना गाठी सोडवायलाही कुणी थांबलं नव्हतं, सगळं कापून ओढून नेलं होतं.

टाकीशेजारी जिन्याच्या मीटरवरचा एक पॉइंट होता. मैत्रीनं त्यात टेस्टर घातला. एका भोकात तो पेटला, म्हणजे करंट आणणारी फेज होती. दुसऱ्या भोकातलं, करंट परत नेणारं न्यूट्रल जळून काळं पडलं होतं, त्यात काही राम नव्हता. माळांना एक तार इथून मिळाली होती आणि दुसरी खालच्या पाइपातून.

मंडळाचा अजिंक्य नाक्यावर सापडला. बावीस-तेवीसचा, केसांना रंग, बोलण्यात सारखं 'राव'. माळा कुणी काढल्या म्हटल्यावर म्हणाला, मी काढल्या. का काढल्या म्हटल्यावर मात्र त्याला मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागलं.

"अजिंक्य, एक बाई रविवारी घराबाहेर पडणार आहे. तू माळा उतरवल्यास म्हणून नव्हे, तू गप्प बसलास म्हणून."

त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"ताई, मला सांगितलं तसं केलं. माळा काढ, वायर काप, कुणाला बोलू नको. हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा मीच बोलून गेलो होतो, त्याच टायमाला माळा पण गेल्या होत्या राव. त्यावर ते गप्पच झाले. सकाळी फोन आला."

कुणाचा, हे मैत्रीनं विचारलं आणि अजिंक्यनं सांगितलं. रागानं तिचे कान तापले आणि त्याच वेळी रडूही आलं. तिनं त्याला सगळ्या माळा आणि दोन्ही फोकस घेऊन रविवारी गच्चीवर हजर राहायला सांगितलं.

५

रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. मंडळातली जुनी माणसं, रंगराव, दाराला टेकून नवनाथ, भिंतीशी गिरजाबाई आणि खुर्चीत गळ्यात हात अडकवलेला नागसेन. अंजलीनं नेसायला चांगली साडी काढली होती. तिची भरलेली बॅग सोफ्याशेजारी होती. ती तिनं स्वतःच भरली होती, म्हणजे कुणाला सांगायची वेळ येऊ नये.

"व्हय, काय ते उरकून टाक," गिरजाबाई सुनेला म्हणाल्या.

"आधी दिवा बघू," मैत्री म्हणाली आणि स्टूल पुढं ओढलं.

तिनं रंगरावांना बोर्डापाशी नेलं, हॉलचा खटका खाली करायला लावला आणि त्यावर त्यांचाच हात ठेवला. अंजलीला बोर्डापासून दूर, खिडकीत बसवलं. रंगराव चेअरमन होते, त्यांच्यावर अविश्वास दाखवायची कुणाची टाप नव्हती. मग तिनं खिडकीतून हाक दिली. वर अजिंक्यनं कापलेली तार जोडली आणि माळा लावल्या. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर निळा उजेड पडला, एकदा मंद, एकदा लख्ख.

मैत्रीनं रबरी हातमोजे घातले आणि स्टुलावर चढून दिव्याची ताटली उतरवली. तिन्ही काळ्या तारांच्या जोडाला टेस्टर लावला. पेटला नाही. लाल तारांना लावला. तिथंही नाही. दादानंही एवढंच पाहिलं होतं, ती म्हणाली, आणि इथपर्यंत तो बरोबर होता.

"काका, खटका?"

"खाली हाय," रंगराव म्हणाले. "दाबूनच धरलाय."

मैत्रीनं पकडीनं जोड सोडवला आणि तिसरी काळी तार वेगळी केली. समोरच्या भिंतीवरचा निळा उजेड एकदम गेला. तिनं त्या सुट्या तारेला टेस्टर लावला.

टेस्टर लाल पेटला.

रंगराव आपल्या हाताखालच्या खटक्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

"मोरीचं पाणी समजा," मैत्री स्टुलावरूनच म्हणाली. "आपला नळ बंद आहे, पण वरच्यानं त्याचं सांडपाणी आपल्या मोरीच्या पाइपात सोडलंय. पाइप जोडलेला आहे तोवर ते गुपचूप निघून जातं. तुम्ही पाइप उघडला की तुमच्या अंगावर. आपला खटका फक्त फेज तोडतो. गच्चीवरच्या माळा फेज जिन्यातून घेत होत्या आणि त्यांचा करंट परत जात होता आपल्या हॉलच्या न्यूट्रलमधून. जोड सैल होता म्हणून माळांच्या तालावर आपला दिवा फडफडायचा, आणि तेही संध्याकाळीच. माळा उतरल्या आणि तो आपोआप बरा झाला. दादानं जोड सोडवला तेव्हा माळा चालू होत्या. एक टोक एका हातात, दुसरं दुसऱ्या. तो करंट दादाच्या अंगातून गेला. खटका खालीच होता. अंजलीचा हात जिथं हवा तिथंच होता."

अंजली उठून उभी राहिली होती. तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती बघत राहिली.

"मग ती तार घातली कुणी?" रंगरावांनी विचारलं. "नवनाथ?"

नवनाथ दारातून दोन पावलं आत आला. "माझ्या हातची न्हाई. माझ्या आधीपासनं होती ती."

६

मैत्री स्टुलावरून उतरली. यापुढचं बोलायला तिला उंचावर उभं राहायचं नव्हतं.

"तार कुणी घातली हा लहान प्रश्न आहे," ती म्हणाली. "आपल्या मंडळात सगळे तसंच करतात. वर्षानुवर्षं फेज इथून, थंडी तिथून. थंडीत काही नसतं म्हणतात, म्हणून ती कुणाचीही चालते. जयंतीच्या आदल्या दिवशी घरातले सगळे विहारात होते, तेव्हा कुणीतरी ती घातली आणि विसरून गेलं, कारण त्यात विसरण्यापलीकडे काही आहे असं त्याला वाटलंच नाही. मोठा प्रश्न वेगळा आहे. पौर्णिमेपर्यंत माळांना हात लावायचा नाही अशी ताकीद असताना त्या सोमवारी का उतरल्या? ज्याला कळलं की करंट कुठून आला, तोच त्या उतरवणार. आणि ताकीद देणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा शब्द अजिंक्यनं ऐकला नसता."

सगळ्यांच्या माना हळूहळू खुर्चीकडे वळल्या. गिरजाबाईंची सगळ्यात शेवटी.

"नागसेना?"

नागसेननं गळ्यातली पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "पडलो तेव्हा मला खरंच वाटलं हिनं वर केला. शपथेवर सांगतो. मग अजिंक्य म्हणाला माळा पण गेल्या. तेव्हा पडल्या पडल्या समजलं."

"समजलं अन् गप बसलास?"

"कंपनीत मी पोरांना सेफ्टी शिकवतो, आई. काय तोंड दाखवू? म्हटलं, ही सॉरी म्हणेल, विषय संपेल. घरातली गोष्ट घरात राहील."

"घरातली गोष्ट घरात राहिली नसती, दादा," मैत्री म्हणाली. तिचा आवाज आता तापला होता आणि तिनं तो आवरला नाही. "लातूरला गेली असती. तू मला शिकवलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण शिकवलंस ते असल्या वेळी गप्प बसायला नाही. बाबासाहेबांच्या फोटोवर उजेड पाडलास आणि त्याचा दोष एका बाईच्या अंगावर टाकलास. त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून बोल काय बोलायचं ते."

नागसेन उठला. डाव्या हाताचा आधार घेत तो अंजलीपुढे गेला आणि वाकू लागला. गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. सुनेसाठी त्यांनीच ठरवलेली शिक्षा होती ती, माणसंही त्यांनीच बोलावलेली.

अंजली मागं सरली. "पाया पडू नका."

"चुकलं माझं, अंजली. तार घातली ते नकळत. गप्प बसलो ते कळून."

"ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं, तेवढं पुरे." मग तिनं पदर खोचला. "आता बोर्डापाशी जा. काका, तुम्ही व्हा बाजूला. दादा, खटक्यावर हात ठेवा आणि मी सांगेपर्यंत हलू नका."

तिनं खिडकीतून अजिंक्यला वरची तार कायमची काढायला सांगितलं. मैत्रीकडून हातमोजे घेतले आणि ती स्टुलावर चढली. कुणीतरी नवनाथला करू दे म्हणालं, तिनं लक्ष दिलं नाही. मैत्री खालून सांगत गेली आणि ती करत गेली. तिसऱ्या तारेला टेस्टर लावून पाहिला, पेटला नाही. ती तार तिनं पाइपातून ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. उरलेल्या दोन काळ्या तारांना घट्ट पीळ दिला, टेप गुंडाळली आणि ताटली बसवली. तेवढा वेळ नागसेन बोर्डापाशी उभा होता. डावा हात खटक्यावर, घामानं चेहरा ओला. अंजली मागच्या रविवारी जशी उभी होती अगदी तसा, आणि ते त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"करा वर," अंजली म्हणाली.

दिवा लागला. एकदाही न फडफडता लागला.

अंजली खाली उतरली, हातमोजे काढले आणि बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत येऊन ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"उद्यापासून मी वाकडला कामावर जाणार आहे. विचारत नाहीये."

नागसेननं मान खाली घातली. मंडळातली म्हातारी माणसं चपला शोधू लागली. गिरजाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथं पाठमोऱ्याच थांबल्या.

"डबा किती वाजता लागंल?" त्यांनी विचारलं.